आतून न उघडणारं दार

गॅरेजच्या बाकावर बसलेल्या काकूंनी मिस्त्रींना हळूच हाक मारली.

"जीपचं माझ्या बाजूचं दार आतून उघडायला लागलंय."

"हो काकू, परवा नवीन हँडल बसवलं."

"ते काढा. जुनं बसवा."

"ते मोडकं होतं."

"सैन्याच्या लिलावात घेतली तेव्हापासून मोडकंच होतं. एकतीस वर्षं हे उतरतात, वळसा घालून येतात आणि माझं दार उघडतात. नदीत अडकलो तेव्हा कमरेभर पाण्यातून आले. आमचा अबोला असला तरी यावंच लागायचं."

"आणि आता?"

"काल हे उतरून सरळ घरात गेले. मी बसूनच राहिले."

"पण दार उघडत होतं ना?"

"उघडत होतं की. मी हात नाही लावला. शेवटी ह्यांनी जेवणाचं ताट खिडकीतून आत दिलं."

"काकू, जुनं हँडल मागे भंगाराच्या ढिगात पडलंय."

"मग शोधा. हे जीप तेल बदलायला सोडून कामाला गेलेत, तेवढ्यात उरका."

"काका कुठे गेले नाहीत. सकाळपासून मागे ढिगात बसून तेच शोधतायत."