वीस नखांचं पिल्लू

तुम्हाला आबांच्या पिल्लाचं सांगितलं नाही ना? मी परदेशातून जनावरांची डॉक्टर होऊन परत आले, त्याच महिन्यातली गोष्ट. कवठे येमाईच्या दत्तानं बोलावलं. त्याच्या यॉर्कशायर टेरियर कुत्रीला चार दिवसांपूर्वी एकच पिल्लू झालं होतं.

"ताई, शेपटी छाटा आन् पायाची वरची, भुईला न टेकणारी नखंबी काढा. पुण्याचं गिऱ्हाईक तसंच मागतंय."

मी पेटलेच. नुसत्या दिसण्यासाठी एवढ्याशा जिवाला कापायचं? वेदना, कायदा, माणुसकी, सगळं सांगून झालं. दत्ता जांभया देत होता. त्याचे वडील आबा, उभा जन्म मेंढरांमागं काढलेले, पिल्लू तळहातावर घेऊन नखं मोजत होते. एकदम ओरडले, "कुत्र्याला अठरा असत्यात, ह्याला वीस हायती! वीसनखी कुत्रं बिबट्याला भीत न्हाई. खबरदार नखाला हात लावाल तर!"

पिल्लू जेमतेम उंदराएवढं. दत्ताला हसू आवरेना. "बरं, नखं ऱ्हाऊ द्या. पर शेपटी तरी छाटू का?"

"येडा हायेस का? बिबट्याला पळवून घरी आल्यावर हलवील काय?"