मागचं दार

वहिनी : परत थांबलात?

दीर : थांबलो नाही, वाट शोधतोय. वहिनी, इथे वाटच नाहीये.

वहिनी : आहे की. गवत वाकलंय बघा.

दीर : ते एखाद्या जनावराने वाकवलं असेल. दादा गेल्यापासून इकडे कोणी फिरकलेलं दिसत नाही. त्याच्याशिवाय ह्या डोंगरावर येणारा दुसरा शहाणा होता कोण?

वहिनी : म्हणून तर आलेय. दर रविवारी उठून हे जायचे कुठे, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

दीर : डोंगरावर जायचा. त्यात बघायचं काय?

वहिनी : एकटे जायचे. एवढ्या वर्षांत एकदा म्हणाले नाहीत, तूही चल म्हणून.

दीर : मला तरी कुठे म्हणाला?

वहिनी : तुम्ही भाऊ. भावाला वैतागून कोणी घराबाहेर पडत नाही. मी बायको. आठवडाभर कामावर, आणि सुट्टीच्या दिवशी ह्यांना घर खायला उठायचं. असं काय होतं इथे, जे घरात नव्हतं, एवढंच मला बघायचंय. मग मी गप्प बसेन.

दीर : तुम्ही?

वहिनी : चाला पुढे.

दीर : चालतो, पण कुठे? दादा म्हणायचा, वाटेवर खुणा केल्यात, निळे बाण काढलेत. फाटा सोडल्यापासून मला एकही दिसलेला नाही.

वहिनी : निळे?

दीर : हो. घरूनच रंगाचा डबा आणला होता म्हणे.

वहिनी : अस्सं. तरीच मागचं दार अर्धं राहिलं. वरून निळं, खालून भुंडं लाकूड. येणारा-जाणारा विचारतो, हे असं काय? मी ह्यांना विचारलं की म्हणायचे, रंग पुरला नाही. दाराला पुरला नाही आणि डोंगराला पुरला.

दीर : आता त्याच्यावर चिडून उपयोग काय? परत फिरू या. ऊन चढतंय, माझा गुडघा बोलायला लागलाय.

वहिनी : तुमचा गुडघा मी सासरी आले तेव्हापासून बोलतोय. जा तुम्ही. मी जाते एकटी.

दीर : आणि तुम्हाला रानात सोडून आलो, तर माझी बायको मला घरात घेईल का?

वहिनी : मग त्या मोठ्या दगडापर्यंत या. तिथे खूण नसली तर मुकाट्याने परत.

दीर : शब्द दिलात हं.

वहिनी : दिला. हात द्या इकडे, माती सुटतेय पायाखालची.

दीर : सांभाळून. हं, आलो. बघून घ्या. कोरा करकरीत दगड. चला आता.

वहिनी : चला... भाऊजी.

दीर : काय झालं? पाय मुरगळला?

वहिनी : ते खालचं झाड बघा. आत्ता तुम्ही धरून चढलात ते.

दीर : अरेच्चा. बाण आहे की. आपण त्याला घासून आलो, तेव्हा कसा दिसला नाही?

वहिनी : दिसणार कसा? ह्या बाजूने काढलाय. वरून खाली येणाऱ्यालाच दिसेल. ह्या दगडाच्या मागे जाऊन बघा बरं.

दीर : आहे. इथेही आहे. कमाल केली दादाने. सगळ्या खुणा उलट्या?

वहिनी : उलट्या कुठल्या? ह्यांना दिशा कळायची का कधी? दवाखान्यातून बाहेर पडले की घर एकीकडे आणि हे दुसरीकडे निघायचे. हाताला धरून वळवावं लागायचं.

दीर : लहानपणी एकदा शाळेतून भलत्याच घरी जाऊन जेवून आला होता.

वहिनी : मग झालं तर. वर जायला खूण कशाला लागते? चढ दिसला की चढायचं. चुकायची भीती येताना. चला, आता वाट सापडली. थोडं चढायचं, मागे वळायचं, बाण दिसला की पुढे.

(बऱ्याच वेळाने, वर.)

दीर : संपली वाट. हे एवढंच? एक सपाट दगड. समोर झाडी, धड खालचं गावही दिसत नाही.

वहिनी : सावली आहे. एका माणसापुरती.

दीर : बसा तुम्ही. मिळालं का उत्तर? काय होतं इथे, जे घरात नव्हतं?

वहिनी : काही नाही हो. शांतता असेल. मी बोलते फार.

दीर : ते खरंय.

वहिनी : लगेच खरंय म्हणू नका. भाऊजी, मला खरंच वाटायचं, हे माझ्यापासून सुटका म्हणून निघतात. एखाद्या रविवारी परत यायचेच नाहीत, असंसुद्धा वाटायचं. संध्याकाळ होईपर्यंत जिवात जीव नसायचा.

दीर : आणि हा इथे प्रत्येक वळणावर घराकडे बाण काढत बसला होता.

वहिनी : नका बोलू. मला उतरायचंय अजून, डोळ्यांनी नीट दिसू दे.

दीर : बसा हो थोडं. पाणी घ्या.

वहिनी : खालचे एक-दोन बाण अगदी पुसट झालेत. बघितलेत?

दीर : बघितले. पावसाने गेले असतील. तो रंगाचा डबा आहे का घरी?

वहिनी : आहे माळ्यावर. तळाशी थोडा उरलाय, हलवला की कळतं.

दीर : घट्ट झाला असेल, पण टर्पेंटाइन घातलं की चालून जाईल. पुढच्या रविवारी येतो मी, मागचं दार पुरं करून टाकू.

वहिनी : दार राहू दे तसंच. तुम्ही ब्रश घेऊन इथे या.