पहिलं बाळंतपण अन् संगं आलेली विहीण

माहेर माझं अमडापूरचं, सासर मोताळ्याजवळच्या खेड्यातलं, अन् या दोन गावांच्या मधातच माझा सारा जन्म गेला. शाळा सातवीपर्यंत. पण तोंड लय चालते. आमच्या खानदानात कोणता जावई कोणत्या पंगतीतून रुसून उठला, हे सारं मीच सांगते, म्हणून तर तुम्हीही पुस्तकासाठी मलेच विचारून राह्यले. तर ऐका. पण हसायचं माझ्यावर, विहीणबाईवर नाही. तिच्यावर हसायचा हक्क माझा एकटीचा हाये.

मले थोरला पोरगा अन् ही धाकटी वैष्णवी. दोघांच्या बाळंतपणाच्या वक्ताले मले कोणी श्वास घे म्हणून सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, तोंडात पदर धर, बाहेर माणसं बसेल हायेत. मी धरला. चावून चावून पदराची पार चिंधी केली.

वैष्णवीले देऊळगाव राजाले दिली. घर चांगलं, जावई चांगला, सासू तर इतकी चांगली की कुठं नाव ठेवाले जागा नाही, अन् तेच माझं दुखणं. पोरीले दिवस गेले अन् एक दिवस तिचा फोन आला, आई, मी क्लास लावला, संमोहनाचा, बाळंतपणासाठी. आता मले संमोहन म्हटलं की एकच आठवे, मोताळ्याच्या बाजारात एक जादूगार आला होता, त्यानं एका चांगल्या मिशीवाल्या माणसाले कोंबडीसारखं बसवून कुकूचकू कराले लावलं होतं. म्हटलं काऊन वो माय, तुले आता अंडं द्याचं हाये काय? पोट्टी खळखळून हसली. म्हणे तसं नाही आई, डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं, एकच आवाज रोज ऐकायचा, मंग कळा आल्या की त्या आवाजानं अंग आपोआप सैल होते, भीती जाते, अन् भीती गेली की दुखणं सोसवते. डॉक्टरीणबाईले विचारलं, त्या म्हणे करा, पण तपासण्या चुकवायच्या नाहीत अन् ऐन वक्ताले आम्ही सांगू ते ऐकायचं. म्हटलं बरं हाये. मंग आवाज कोणाचा ऐकतं तू? तर म्हणे, सासूबाईचा.

काय सांगू तुम्हाले, तव्यावरची भाकर माझ्यासमोर जळाली अन् मले वास नाही आला.

पण मी मनाची समजूत घातली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरेलच असते. एकदा पोरगी आणली की सासूचा आवाज तिकडंच राहील. डोहाळजेवण झालं, मी अन् पोरीचा बाप तिले आणाले गेलो, गाडीत पोरीची बॅग ठेवली, अन् तिच्या मागून दुसरी बॅग आली. विहीणबाईची. म्हणे ताई, क्लासवाल्या मॅडम म्हणतात आवाज बदलायचा नाही, मग मीबी येते संगं, तुम्हाला त्रास नाही ना? आता विहिणीले कोणी हो म्हणते काय, की हो, त्रास हाये? मी म्हटलं, या ना बाप्पा, घर तुमचंच हाये.

विहीण जेवाले येते, मानानं साडी घेते अन् जाते. राहाले आलेली विहीण मी तर कधी ऐकली नव्हती. तिले भांड्याले हात लावू देता येत नाही, तिच्यासमोर मोठ्यानं बोलता येत नाही. तिले चहा पहिले, खुर्ची पंख्याखाली, रोज एक भाजी जास्तीची. म्हणजे माझ्या पोरीले माझ्यापासून नेऊन राह्यली ती बाई, अन् तिले गरम पोळ्या वाढून राह्यली मी.

दुपारी त्या दोघी मधल्या खोलीत पडदा लावून बसत. मी गहू निवडाच्या निमित्तानं उंबऱ्यापाशी. विहीणबाई म्हणे, तू नदीच्या काठी बसलीस, पाणी संथ चाललंय, तुझे खांदे सैल, जबडा सैल. इतका मऊ आवाज, जसा तूप लावेल. मी मनात म्हणे, आमच्या नदीले पाणी असते कुठं? पण पडद्याच्या फटीतून पोरीचं तोंड पाह्यलं की गव्हातले खडे गव्हातच राहत. लहानपणी ताप उतरला की जसं होये तसं तोंड. ते तोंड दुसरीच्या आवाजानं झालं होतं. अन् खरं सांगू काय, पोरीचाही हेवा वाटे. मलेही वाटे, आत जाऊन त्या चटईवर पडावं, अन् मलेही कोणी म्हणावं, सैल सोड वो सुमन.

एक दिवस विहीणबाई न्हाणीत गेली तशी मी डाव साधला. पोरीजवळ बसली अन् म्हटलं डोळे मिट, सैल सोड. पण माझा आवाज म्हणजे वावरातून म्हशीले हाका मारून तयार झालेला. पोरगी दचकून उठूनच बसली, मंग इतकी हसली की पोट धरून म्हणे आई, आताच बाळंत होऊन जाईन मी. मंग मी फोनवरचं क्लासवाल्या मॅडमचं रेकॉर्डिंग ऐकून पाह्यलं, तर मीच तिथं घोरून राह्यली अन् चुलीवरचं दूध सारं उतू गेलं. ते विहीणबाईनं पुसलं. विहिणीनं! त्या दिवशी मले मरणाची लाज वाटली.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. बुलढाण्याच्या दवाखान्यात दुपारपर्यंत पोरगी विहीणबाईचा हात धरून वॉर्डात फेऱ्या मारे, कळ आली की थांबे, डोळे मिटे, तोंडातून आवाज नाही. बाजूच्या बाया पाहून राह्यल्या. मी थर्मास धरून भिंतीले टेकेल. मंग नर्सबाई आली, म्हणे आत घेतो, एकच बाई येईल, कोण येते? विहीणबाई तर चप्पल काढून तयार. मीही थर्मास पुढं केला, की घ्या, संगं असू द्या. अन् पोरगी म्हणे, आई.

नर्सनं विचारलं, कोणती आई? पोरीनं माझा दंड धरला.

आत गेल्यावर ती काही वेळ नदीकाठीच होती. माझ्यासमोर श्वास ओढे, सोडे, अन् मी मुकाट उभी, म्हटलं आपण बोललो की बिघडते. मंग शेवटच्या जोराच्या कळा आल्या अन् काय सांगू, नदी गेली, काठ गेला. पोट्टी अशी ओरडली, असे शब्द काढले, नवऱ्याचं नाव घेऊन, की नर्सबाईनं माझ्याकडं पाह्यलं. माझ्या दंडाले दात रोवले. मी म्हटलं ओरड माय, ओरड, कोणी नाही इथं. पोरगी झाली. लालबुंद, आईपेक्षा मोठ्या आवाजाची.

टाके घेऊन झाले तशी मी हळूच विचारलं, काऊन वो, इतके महिने त्यांच्यासंगं शिकली अन् आत मले आणलं? थकेल आवाजात म्हणे, आई, शेवटी मी ओरडणार हे मले समजलं होतं, अन् सासूबाईसमोर मले ओरडता आलं असतं काय?

मी बाहेर आली. विहीणबाई बाकड्यावर, हातातला चहा तसाच. मले वाटलं होतं त्या वक्ताले मी मिरवीन. तिनं मान वर केली, डोळे भरेल. म्हणे, ताई, मला लेक नाही, मला वाटलं होतं मलाच बोलवील. मग म्हणे, आतमध्ये जसं शिकवलं तसं केलं ना तिनं? बाहेर लय ओरडण्याचा आवाज आला, बाजूच्या खाटेवरची असंल. मी पदर दंडावरून नीट घेतला अन् म्हटलं, हो ना, बाजूचीच. आपली तर शेवटपर्यंत तुमच्याच नदीकाठी होती.

आता नात सहा महिन्यांची हाये. विहीणबाई देऊळगाव राजात साऱ्याले सांगते, माझी सून हूं का चूं न करता मोकळी झाली, माझ्या आवाजानं. आता तिथल्या दोन पोरी तिच्याकडं शिकाले येतात म्हणे. फोनवर मलेही सांगते, अन् मी म्हणते हो विहीणबाई, तुमचंच श्रेय. जिभेवर येते, की सांगून टाकावं. मंग नातीचं विचारते. सुखात राहो बाई, तिची सून अन् नात सुखात राहो. तुम्ही लिहून राह्यले तर लिहा, सारं लिहा, फक्त ते पुस्तक देऊळगाव राजाच्या लोकायले नका दाखवू.