मंगळावरून लेकीला निरोप

परत सांगू? अहो, किती वेळा सांगायचं! माझा घसा बसला आणि तुम्हाला मजा वाटतेय... बरं, ऐका. माझा जावई अंतराळातल्या इंटरनेटवर काम करतो, म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक, आणि एके दिवशी त्यानं घरात एक पेटी आणली, भिंतीशी ठेवली, माझा फोन तिला जोडला आणि म्हणतो, "मामा, आता तुम्ही मंगळावर आहात! तुमचे निरोप तिकडच्यासारखेच रखडत जाणार-येणार!" मी खुर्चीतच होतो हो! तेव्हाच म्हटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे.

म्हणतो, "घरचं इंटरनेट तिकडे चालत नाही, मामा. उत्तर लगेच आलं नाही की ते हात टेकतं. ही पेटी निरोप धरून बसते, वाट मोकळी झाली की पुढे देते, आणि पुढच्यानं 'मिळाला' म्हटल्याशिवाय सोडत नाही!" म्हटलं, पेटी आहे की माझी थोरली बहीण? तीही काही सोडत नाही!

आता माझी लेक, याचीच बायको. परगावी नोकरी धरली, मी नको म्हटलं, ती रुसून गेली. अबोला! फोन करायला जीभ रेटेना, म्हणून लिहिलं, "रागावलीस का गं?" सकाळ गेली, दुपार गेली... बापाला उत्तर नाही? टाळकं फिरलं, दिलं ठोकून, "मी मेलो तरी येऊ नकोस!" आणि लगेच टिंग... "नाही हो बाबा. रविवारी येते."

अरे देवा! तिचं उत्तर वाटेतच होतं की! म्हणजे माझा दुसरा निरोपही अजून पेटीतच! धावलो, पेटीची विजेची तार उपटली. दिवा विझला, पेटी गपगार... तरी मन म्हणे, काहीतरी काळंबेरं आहे.

रविवारी लेक आली, गळ्यात पडली, चहा टाकला तिनं. तेवढ्यात जावई वाकला, "अरे, तार कुणी काढली?" लावली की त्यानं! तिच्या फोनवर टिंग... तिनं मोठ्यानं वाचलं. कप खाली ठेवला. आणि हा पठ्ठ्या टाळ्या पिटतोय, "वीज गेली तरी निरोप शाबूत! अगं, जुना निरोप आहे तो!"

"जुना असो नाहीतर नवा, लिहिला तर बाबांनीच ना?" पिशवी उचलली आणि गेली.

फोन उचलत नाही. माफी लिहिलीय, त्याच पेटीतून, दुसरा रस्ता आहे कुठे? वाट मोकळी झाली की पोचेल म्हणे. पोचू दे. पण मला मिळायची माफी तर पलीकडच्या खोलीतून यायचीय, मंगळावरून नव्हे, तरी त्या माफीची वाट काही मोकळी होत नाही... घोरतोय बघा, आमचा जावई!