भिंतीवरचं खमीर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, सहकारी, आणि मागच्या बाकांवर मोबाइलमध्ये डोकं खुपसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

माझ्याविषयी इतकं गोड ऐकून प्रश्न पडला, मी निवृत्त होतेय की वारलेय? कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी पट्टी मारून माझी खोटं बोलायची खोड मोडली. तेव्हा माझ्याकडून गोडाची अपेक्षा नको.

आमच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेची भिंत परवा रंगवणार आहेत. तपासणी समिती येतेय ना, तिला पांढरंशुभ्र दिसायला हवं! त्या भिंतीवर आमच्या शिक्षिका कैलासवासी खमीरबाईंनी स्टुलावर चढून रंगवलेले ग्रीक शब्द आहेत. ‘एन’ म्हणजे आत, ‘झाइमी’ म्हणजे खमीर; झालं एन्झाइम. त्यावरूनच मुलांनी त्यांना हे नाव दिलं. कुठलाही अर्थ सांगण्याआधी बाई टेबलावर दोनदा टकटक करायच्या.

“अगं, शब्दाचंही दार वाजवून आत जावं,” म्हणायच्या.

“बाई, दार मोडाल एक दिवस!” मी म्हणायचे.

पुस्तक सांगतं, एन्झाइम काम करून जसंच्या तसं उरतं. खमीरबाई उरल्या नाहीत. शेवटपर्यंत हंगामी नेमणुकीवर राबवलं त्यांना, आणि शोकसभेत म्हणे ‘आधारस्तंभ’!

त्या गेल्यानंतरच्या वर्षी नव्या मुलांना मी विचारलं, “अपो?” अख्ख्या वर्गानं आधी दोनदा टेबल वाजवलं. बाईंना ज्यांनी पाहिलंही नव्हतं, त्यांनी!

“कुणी शिकवलं रे हे?”

“पुढच्या वर्गातल्या मुलांनी, मॅडम. असंच करतात ना?”

‘अपो’ म्हणजे दूर. सोबतचा रेणू निघून गेला की उरतं ते अपोएन्झाइम. दिसतं शाबूत, काम मात्र करत नाही. बाई गेल्यापासून मी तशीच आहे. रिकाम्या प्रयोगशाळेत त्या भिंतीशी उभी राहिले की पाठीमागून टकटक ऐकू येते. हसा, खुशाल हसा. मी वळून बघायचं कधीच सोडलंय.

अध्यक्ष महोदय, तुम्हीही बाईंचेच विद्यार्थी. रंगकामाच्या आदेशावर सही तुमची. एकच विचारते. होलो?

...ऐकलंत? नाही मुलांनो, तुम्ही नव्हे. आवाज व्यासपीठावरून आला. सर, हात टेबलाखाली का लपवताय? अर्थ सांगा ना. बरं, मीच सांगते. ‘होलो’ म्हणजे अख्खं. निघून गेलेला रेणू परत आला की होतं ते होलोएन्झाइम, पुन्हा कामाला लागलेलं.

फुलांबद्दल आणि एवढं ऐकून घेतल्याबद्दल सगळ्यांचे आभार. जीभ सवयीनं घसरली असेल, तर तीही आज निवृत्त झाली असं समजून पोटात घाला. माझं बोलणं पुसून टाकलंत तरी चालेल. भिंत नको.