हळद हलिमा लावेल

नाही, तू बस ना दर्शना — तर मंडळाचं म्हणणं काय, की शनिवारी माझ्या घरच्या हळदीकुंकवाला हलिमाला बोलवू नका? मुसलमान म्हणून नाही म्हणतेस? बरं. मग? डिव्होर्सी म्हणून! अगं बाई, दुबईत, ऊद मेथात दहाव्या मजल्यावर बसून हे बोलतेस तू! सेक्रेटरी आहेस म्हणून तोंडी लागत नाही — नाही, लागतेच. ऐक.

मोरोक्कोच्या डोंगरातली आहे ती, अमाझिग म्हणतात त्यांना. तिच्या आईला शाळेत घरची भाषा बोलली म्हणून छडी बसायची, आज त्याच शाळेच्या पाटीवर त्यांची लिपी आहे. आईच्या वेळी नवऱ्याने सोडलं की खलास, आणि बाईने नवऱ्याला सोडायचं म्हटलं तर जन्म जायचा. मग कायदा बदलला — ही बया स्वतः कोर्टात गेली! गाव बोललं नाही? बोललं ना, माणसं सगळीकडची सारखीच. पण नावं ठेवणाऱ्या त्याच बायका आता हिला फोन करून विचारतात, वकील कोण केलेलास गं?

परवा संक्रांतीलाच त्यांचं नवीन वर्ष होतं. मी तिळगूळ घेऊन गेले समोर तिच्या फ्लॅटमध्ये. जवाची घट्ट पेज, वर तूप-मध, सगळ्यांनी एकाच परातीतून खायचं. त्यात खजुराची एक बी लपवतात — जिला सापडेल तिचं वर्ष, कोठीच्या किल्ल्या तिच्या हातात. मला काय ठाऊक! मला वाटलं, खजूर नीट निवडला नाही बिचारीने, म्हणून बी गुपचूप रुमालात घातली. यजमानीणबाईंची लाज राखायची, आपलं वळण! तिकडे तिच्या मैत्रिणी परात खरवडतायत, बी कुठेय, बी कुठेय. शेवटी काढली. काय हसल्या! हलिमाने किल्ल्या दिल्या आणि म्हणाली, सुनेत्रा, अजून काय काय लपवलंयस?

आणि मी रडलेच. म्हणजे — जाऊ दे. नाही, का जाऊ देऊ? सदानंद अबू धाबीच्या प्रोजेक्टवर नाही, दर्शना. चार वर्षं सांगतेय तुम्हाला, खोटं आहे ते. मरीनात राहतो, वीस मिनिटांवर. डिव्होर्सचे पेपर्स झालेत, पहिली सही माझी. ओवी कधीची म्हणतेय, मॉम, जस्ट टेल देम — माझीच जीभ उचलत नव्हती. लाज वाटायची गं, दुसरं काय! गेल्या वर्षी तुला कुंकू मीच लावलं ना? काय झालं तुझ्या राहुलला? प्रमोशन!

अशी बघू नकोस. सांग जा मंडळात, सगळ्यांना सांग, माझा फोन वाचेल. शनिवारी पाच वाजता. हळद हलिमा लावेल, कुंकू मी. चालत असेल तर ये — नसेल तर लिफ्ट डावीकडे आहे.