लेकीची गाडी आणि अण्णांचा रुमाल

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. वामनराव, तबल्यावरचा हात तसाच असू द्या, पुढे लागेल. देवाचं नाव घेऊन झालं, आता देवाच्या वतीने एक प्रश्न विचारतो. माणूस चांगला कधी? चारचौघांत? अहो, चारचौघांत सगळेच चांगले! आत्ता बघा ना — मांडी घातलेली, हात जोडलेले, डोळे अर्धे मिटलेले. आणि मघाशी चपला ठेवण्याच्या जागेवरून काय चाललं होतं? ऐकलंय मी! तर कुणी बघत नसताना आपल्यात जो उरतो, तो कोण? याचं उत्तर एका मोटारीने दिलंय.

हसताय? पुराणात हत्ती बोलतात, पक्षी बोलतात, मग मोटारीने काय घोडं मारलंय?

चाकणच्या बाजूला एक मोठी मोटार कंपनी. नाव विचारू नका, उद्या माझ्या दारात वकील उभा राहील! तिथे कल्याणी येळवंडे नावाची इंजिनिअर. हुशार पोरगी. गाडीच्या आतला जो मेंदू असतो, त्याला काय कधी करायचं ते शिकवण्याचं तिचं काम. आता नीट ऐका. डिझेल जळलं की एक वायू निघतो. काळा नाही, दिसत नाही, पण छातीत जाऊन बसतो. तो धुऊन काढायला गाडीत औषधाचं पाणी भरलेली टाकी असते. ते पाणी सारखं सोडलं तर टाकी लवकर संपते आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. मग साहेबांनी काढली युक्ती!

सरकारी तपासणी होते खोलीत. गाडी जागच्या जागी फिरत्या रुळांवर पळते. म्हणजे चाकं फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही. रस्त्यावर असं कधी होतं का? मग गाडीला शिकवायचं — चाकं फिरतायत, स्टिअरिंग गप्प आहे, म्हणजे परीक्षा चाललीय. सोड भरपूर औषध! आणि स्टिअरिंग वळलं, की परीक्षा संपली. हात आखडता घे! शाळेत साहेब तपासणीला आले की आमचे मास्तर असेच गोड बोलायचे. साहेबांची जीप वळली, की छडी बाहेर.

हे शिकवलं कल्याणीने. वाईट होती का ती? नाही हो. तिचे वरिष्ठ मुजुमदार साहेब म्हणाले, एवढ्यापुरतं आहे, पुढच्या मॉडेलला नीट करू. तिची पहिली नोकरी, घराण्यातली पहिली इंजिनिअर. तिने मान हलवली. आपण नाही हलवत?

आता तिचे वडील, भागुजीअण्णा. चौकात सिग्नलपाशी लिंबू-मिरची विकायचे. गाडी थांबली की पुढे होऊन बांधायची. लेक इंजिनिअर झाली तरी यांनी चौक सोडला नाही. म्हणायचे, घरात बसलो तर गंजून जाईन. धुराचा त्रास व्हायचा, म्हणून नाकाला पांढरा रुमाल. लेकीला लाज वाटायची का? अजिबात नाही, काळजी वाटायची. त्या काळजीपोटी जेवताना एकदा बोलून गेली, "अण्णा, आमच्या नव्या गाडीचा धूर अगदी स्वच्छ असतो. सगळ्या गाड्या तशा झाल्या की तुमचा त्रास संपेल."

सहज बोलली. पण बापाने लेकीचा शब्द कसा धरला, ऐका!

एका दुपारी कल्याणी डबा घेऊन चौकात गेली. अण्णा नेहमीच्या जागी नाहीत. शोधते तर सिग्नलच्या पलीकडे टॅक्सीतळ, तिथे तिच्याच कंपनीच्या गाड्या एसी लावून, इंजिन चालू ठेवून उभ्या. आणि त्यांच्या मागे, अगदी नळकांड्यापाशी, अण्णांनी पोतं अंथरलेलं. शेजारी फुलवाली पारूबाई. तेवढ्यात एक ट्रक आला. अण्णांनी रुमाल नाकावर घेतला. ट्रक गेला, लेकीच्या कंपनीची गाडी मागे मागे येत थांबली. अण्णांनी रुमाल खाली केला आणि छाती भरून श्वास घेतला. मग उठून त्या गाडीला लिंबू-मिरची बांधली. ड्रायव्हर पैसे द्यायला लागला, तर हात मागे. म्हणाले, "ही माझ्या लेकीची गाडी."

मंडळी, पोरीने हातातला डबा तिथेच खाली ठेवला. आपल्या बापाला आपणच तिथे नेऊन बसवलं, हे तिला त्या क्षणी कळलं. ती जवळ गेली, खाली बसली.

"अण्णा, रुमाल वर घ्या."

"अगं, तुझी गाडी हाय ही. बघ की, रुमाल पांढरा तो पांढराच."

"माझी आहे म्हणूनच म्हणते. वर घ्या."

आणि तिने हलक्या आवाजात सगळं सांगितलं. परीक्षा, स्टिअरिंग, औषधाचं पाणी, आपली मान हलवणं. अण्णा मिरची ओवत होते, ते ओवतच राहिले. रागावले का? रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मग ते पारूबाईकडे बघून हळूच म्हणाले, "तिला दमा हाय गं. हितली हवा चांगली म्हणून मीच तिला हितं बोलावून घेतली."

स्वतःच्या छातीबद्दल एक शब्द नाही! उठले, पारूबाईची टोपली उचलली आणि रस्त्यापलीकडे कडुलिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवली. पारूबाई विचारते, काय झालं भाऊ? म्हणाले, माझं चुकलं बाई, जागा वाईट निघाली. चूक लेकीची, आणि माथी घेतली बापाने. वामनराव, आता वाजवा हळूच. मला थोडं पाणी घेऊ द्या.

पुढच्या तपासणीला कंपनीत सरकारी अधिकारी आले. खोलीत गाडी रुळांवर, मुजुमदार साहेब हसतमुख, टेबलावर काजू. गाडी गुणी बाळासारखी वागत होती. कल्याणी पुढे झाली. म्हणाली, "साहेब, हे मोजायचं यंत्र गाडीच्या मागे बांधा आणि रस्त्यावर चला. मी चालवते."

मुजुमदारांनी खूप सारवासारव केली. तिने यंत्र मागे बांधून घेतलं, गेट उघडायला लावलं आणि निघाली. गाडी सरळ होती तोवर आकडा खाली. चौकाकडचं पहिलं वळण आलं, तिने स्टिअरिंग फिरवलं, आणि आकडा जो चढला तो उतरेना! मागे बसलेल्या अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने आरशात पाहत सांगितलं, हे मीच शिकवलंय.

कंपनीने गाड्या परत बोलावल्या, दुरुस्त केल्या. कल्याणीची नोकरी मात्र गेली. संध्याकाळी ती जुन्या स्कूटीवरून चौकात आली आणि अण्णांपुढे मान खाली घालून उभी राहिली. तिला वाटलं, यांची सगळी ऐट मी धुळीला मिळवली. अण्णांनी टोपलीतलं चांगलं टपोरं लिंबू निवडलं, मिरच्या ओवल्या आणि त्या खरचटलेल्या स्कूटीच्या हँडलला बांधल्या. शेजारच्या चहावाल्याने विचारलं, अण्णा, ही कुणाची?

अण्णा म्हणाले, "ही माझ्या लेकीची गाडी."

मंडळी, डोळे पुसा, मीही पुसतो. आता तुमच्याकडे वळतो. देऊळ ही आपली तपासणीची खोली आहे. इथे दोन घटका सगळ्यांचं स्टिअरिंग गप्प असतं, म्हणून आपण सगळे स्वच्छ! आरती होईल, प्रसाद घ्याल, चपला घालाल. फाटकाबाहेर पहिलं वळण लागेल. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून नाकावरचा रुमाल खाली घेतलेलं कुणीतरी घरी बसलंय. त्याला आठवा, आणि मग वळा. घ्या टाळ, म्हणा त्याचं नाव — आणि ते नाव वळणापलीकडेही तोंडात राहू द्या!